रिलेशन: सख्खा मामा

फोल्डिंग खात्यात कापडाला घड्या घालताना दोन्ही हात गुंतलेले असतात आणि तोंड मोकळं असतं. बारा तास माणसाचं तोंड मोकळं राहिलं की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. गुजरातेत, पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये माझी चौतीस वर्षं अशी गेली. कापड रोज टेम्पोत भरून बाहेर जायचं. किस्से मात्र खात्यातच पडून राहायचे. कधीतरी झाडून काढावेत म्हणून बसलो आहे.

आमच्यात इंग्रजी कुणालाच येत नव्हतं. मी तर चौथीतच शाळा सोडली. पण एक इंग्रजी शब्द सगळ्यांना यायचा, रिलेशन! मार्केटचा व्यापारी म्हणायचा, "धंधो तो रिलेशन पर चाले." दवाखान्यात विचारायचे, पेशंटशी रिलेशन काय? आणि आमचा भाऊलाल सांगायचा, "मोठ्या साहेबाशी आपलं रिलेशन आहे." म्हणजे मोठ्या साहेबाने त्याला एकदा नावाने हाक मारली होती. शिव्या द्यायला मारली होती, पण नावाने मारली होती.

यातले बरेचसे किस्से काशिनाथच्या मुलीच्या लग्नाच्या वर्षातले आहेत. काशिनाथ माझ्या शेजारच्या टेबलावर घड्या घालायचा. त्याच्या सोनलचं लग्न ठरलं. मुलगा चांगला, माणसं चांगली, हॉल मिळाला. पण मुलीला मांडवात घेऊन यायला मामा नव्हता. आमच्याकडे लग्नात रुसायचा मानही मामाचाच.

म्हणजे होता! आमच्याच मिलमध्ये होता. ओलं कापड ताणून सुकवतात त्या स्टेंटर मशीनवर देविदास म्हणून होता, तोच मामा. काशिनाथच्या बायकोचा, लताचा सख्खा मोठा भाऊ. लताने घरी न विचारता काशिनाथशी लग्न केलं, त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलत नव्हता. चोवीस वर्षं! राहायला दोघं डिंडोलीतच. मध्ये तीन गल्ल्या.

पण आधी भाऊलालचा किस्सा सांगतो, नाहीतर तो रागावेल.

*

आमच्या टाइम ऑफिसात रमणभाई होते. रजेच्या फॉर्मवर एक रकाना होता. कोण वारलं, त्याच्याशी रिलेशन काय, ते तिथे लिहायचं. जवळचं नातं असेल तरच रजा. भाऊलालला गावाकडच्या सगळ्या जत्रा करायच्या असायच्या. त्यामुळे दोन वर्षांत त्याचे तीन मामा वारले. त्यातला मधला दोनदा वारला.

एके दिवशी गेटवर एक धोतरवाला म्हातारा उभा राहिला. खांद्यावर भरताच्या वांग्यांची पिशवी. वॉचमनने विचारलं, "कुणाचे कोण?"

"भाऊलालचा मामा."

वॉचमनने त्याला सरळ रमणभाईंपुढे नेऊन बसवलं. रमणभाईंनी नाव विचारलं. रजिस्टर काढलं. पान उलटलं. मग रजिस्टर मिटवून त्यांनी स्वतः उठून पंखा वाढवला, चहा मागवला. म्हातारा चहा प्यायला लागल्यावर खुर्ची जवळ ओढून त्यांनी हळूच विचारलं, "मामा, उधर कैसा है?"

मामाने घाम पुसला. "पाणी नाही साहेब. बाकी बरं आहे. तुम्ही या ना एकदा!"

रमणभाईंनी दोन्ही कान धरले.

*

आम्हा खानदेशी माणसांना एक खोड आहे. नवा माणूस भेटला की तीन प्रश्न विचारायचे. गाव कोणतं? कुणाच्या घरचे? मामाचं गाव कोणतं? तिसऱ्या प्रश्नापर्यंत नातं निघतंच निघतं. अजून कुणी सुटलेला मला माहीत नाही.

भाऊलालला उधन्याच्या चौकात वाहतूक पोलिसाने अडवलं. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. पोलिसाच्या छातीवरचं आडनाव आपल्याकडचं दिसलं. भाऊलालने लायसन काढायच्या आधी पहिला प्रश्न काढला.

पोलीस म्हणाला, "आधी लायसन."

लायसन दाखवता दाखवता तिसरा प्रश्न झाला. पोलिसाच्या बायकोची मावशी ही भाऊलालची चुलत सासू निघाली! पोलिसाने त्याला मिठी मारली, पावती फाडून हातात दिली आणि म्हणाला, "मेहुणे, रविवारी जेवायला या."

भाऊलाल गेला नाही. सोमवारी चौकात शिट्टी वाजली. "का आला नाहीत? ताई वाट बघत होती!" मागे सगळ्या गाड्या हॉर्न देतायत. मंगळवारी पुन्हा शिट्टी. बुधवारी पुन्हा. शेवटी भाऊलालने रस्ता बदलला. रोज लांबच्या पुलावरून वळसा घालून यायला लागला. आता डोक्यावर नवंकोरं हेल्मेट असायचं, तरीही!

"आबा," तो मला म्हणाला, "पोलिसापासून वाचायला हेल्मेट आहे. पाहुण्यापासून वाचायला काय घालू?"

तरी त्याची खोड गेली नाही. म्हणाला, "पोलिसाला मेहुणा केला मी, एका देविदासचं काय घेऊन बसलात!" आणि दुपारच्या सुट्टीत गेला स्टेंटरवर.

"देविदास, गाव कोणतं तुझं?"

देविदासने सांगितलं.

"कुणाच्या घरचा?"

तेही सांगितलं.

"आणि मामा..."

"तू मामाचं नाव काढू नको," देविदास म्हणाला. "तुझे सगळे वारलेत!"

*

त्याच सुमारास रमणभाईंना बढती मिळाली. दारावर नवी पाटी लागली, इंडस्ट्रियल रिलेशन ऑफिसर. पाटी तिन्ही भाषांत होती, पण आम्ही वाचला तो मधला शब्द. आठ दिवसांत त्यांच्या टेबलावर उपवर मुलामुलींचे सतरा बायोडाटा जमले. एकाने तर कुंडली पण ठेवली.

रमणभाई आधी चिडले. मग हळूहळू कागद चाळायला लागले. मग एक दिवस पॅकिंगमधल्या एकाला बोलावून म्हणाले, "ये छोकरा अच्छा है, लेकिन बोईलरवाला है, गरम दिमाग का होगा." तेव्हा आम्ही ओळखलं, माणूस कामाचा आहे.

काशिनाथने आपली केस नेली. रमणभाईंनी रीतसर बैठक बोलावली. टेबलाच्या एका बाजूला काशिनाथ आणि लता, दुसऱ्या बाजूला देविदास. मला साक्षीदार म्हणून दाराशी बसवलं. रमणभाईंनी पेन उघडलं.

"बोलचाल कब से बंद है?"

"चोवीस वर्षं," काशिनाथ म्हणाला.

"चोवीस! इतनी लंबी हड़ताल तो युनियनवालों ने भी नहीं की!"

देविदास भिंतीकडे बघत म्हणाला, "साहेब, यांना सांगा, लग्न ठरल्याचं मला किराणावाल्याकडून कळलं."

लता पंख्याकडे बघत म्हणाली, "साहेब, यांना सांगा, किराणावाल्याला मीच सांगून ठेवलं होतं. यांना कळावं म्हणून."

"साहेब, यांना सांगा, भावाला घरी येऊन कुंकू लावून बोलावतात."

"साहेब, यांना विचारा, दार उघडतील का?"

"साहेब, यांना सांगा, दार लोटलेलं असतं. कडी नसते."

रमणभाईंची मान टेबल फॅनसारखी फिरत होती. काशिनाथ तर आपण तिथे कशाला आलो हेच विसरला होता. शेवटी रमणभाईंनी पेन बंद केलं. "तुम लोग जाओ. मेरे से नहीं होगा."

दुसऱ्या दिवशी रमणभाई स्वतः रजेवर! भाऊलालने जाऊन त्यांचा फॉर्म बघितला. रिलेशनच्या रकान्यात लिहिलं होतं, 'मोटाभाई, कामरेज.' कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'एम ज.' म्हणजे, थोरल्या भावाला भेटायला, सहजच.

*

आता एक गोष्ट मी त्या बैठकीत बोललो नाही. मी बोलायला लागेपर्यंत लोक उठून जातात, हेही एक कारण आहे.

देविदास दर आठ-पंधरा दिवसांनी सुट्टीत माझ्याकडे यायचा. हातात डबा. "आबा, हे तुमच्यासाठी." आत कारल्याची भाजी. मला कारलं आवडत नाही हे सगळ्या मिलला माहीत. वर म्हणायचा, "शुगरवाल्याला चांगलं असतं." मला शुगर नाही. लताला आहे.

मी डबा लताला नेऊन द्यायचो. ती विचारायची नाही कुणाचा. आपल्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत. ती धुऊन, पुसून, त्यात मेथीचे लाडू घालून द्यायची. "आबा, हे तुमच्यासाठी. कंबर दुखत असेल तर बरे." माझी कंबर ठणठणीत. स्टेंटरवर उभं राहून कंबर गेलेली देविदासची.

असं किती वर्षं चाललं मी मोजलं नाही. प्रत्येक खेपेला एक लाडू मी ठेवून घ्यायचो. कुणी तक्रार केली नाही.

माझ्या नातीला हे एकदा सांगितलं. ती डिंडोलीतच वाढली, बोलते सगळी गुजरातीत. त्या दिवशी तोंड पाडून बसली होती. "आबा, मारी फ्रेन्डनु रिलेशन पती गयु. ब्रेकअप!"

"किती दिवस होतं?"

"त्रण महिना." तिने तीन बोटं दाखवली.

"आता बोलतात का?"

"ना रे! ब्लॉक करी दीधो."

मग मी तिला चोवीस वर्षं ब्लॉक असलेल्या दोघांची गोष्ट सांगितली. कारलं, लाडू, सगळं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "आबा, आ तो बहु सिरियस रिलेशन छे!"

*

लग्नाला पंधरा दिवस राहिले तरी मामाचा पत्ता नाही. मग खात्यानेच मामा व्हायचं ठरवलं. आणि तिथेच भांडण लागलं!

भाऊलाल म्हणाला, मामा मीच. कारण मला मामांचा अनुभव आहे. पॅकिंगमधला एकजण म्हणाला, माझी उंची बरी आहे, फोटोत चांगला दिसेन. कैलास म्हणून आमच्यात एक यूपीचा होता. तो म्हणाला, "मामा हम बनेंगे. लेकिन हमारे यहाँ मामा भांजी के पैर छूता है. हम छुएंगे."

भाऊलाल भडकला. "आमच्यात नाही छूत!"

"तो फिर काहे के मामा?"

दोघं घडीच्या टेबलाच्या दोन बाजूंनी एकमेकांवर धावून गेले. मध्ये साडीचा ताका होता म्हणून वाचले. काशिनाथ हात जोडून म्हणत होता, "अरे, दोघं व्हा. तिघं व्हा!"

रविवारी सगळे उमेदवार काशिनाथच्या घरी गेले. सोनलनेच निवड करावी असं ठरलं. पोरगी कॉलेजात शिकलेली, तोंडाची खमकी. तिने सगळ्यांना चहा दिला. कैलासला बिस्किटं जास्त दिली. मग म्हणाली, "तुम्ही सगळे माझे काका. काका म्हणूनच या आणि पोटभर जेवा. मामा नसला तर मी माझी चालत येईन. पाय आहेत मला."

सगळे हसले. लता चहाचे कप उचलून आत गेली. ते कप तिने फार वेळ धुतले.

बाहेर आली तेव्हा मला म्हणाली, "आबा, उद्या माझ्यासोबत याल का?"

*

दार खरंच लोटलेलं होतं. कडी नव्हती.

देविदासच्या बायकोने दोघांना पाणी दिलं आणि ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. देविदास टीव्ही बघत होता. साबणाची जाहिरात चालली होती. मी आजवर इतक्या मन लावून साबणाची जाहिरात बघणारा माणूस पाहिला नाही.

लता त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्याने मान तिरपी केली आणि तिच्या बाजूने टीव्ही बघायला लागला. तिने पत्रिका काढली. आत मामाचं नाव छापलेलं होतं. न विचारताच छापलं होतं. पत्रिका त्याच्या मांडीवर ठेवली. पिशवीतून करंडा काढला आणि त्याच्या कपाळाला कुंकू लावलं.

"रविवारी सोनलचं लग्न आहे," ती म्हणाली. "यायचं."

देविदासने रिमोट घेऊन आवाज वाढवला.

गल्लीत आल्यावर लता म्हणाली, "काहीच बोलला नाही."

मी म्हणालो, "पुसलंही नाही."

दुसऱ्या दिवशी देविदास कामावर आला तेव्हा कपाळ स्वच्छ होतं. हे मी लताला सांगितलं नाही.

भाऊलालने तेवढ्यात व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. नाव 'सोनल मॅरेज रिलेशन'. त्यात देविदासचा नंबर घातला. त्या दिवसापासून लता मला रोज फोन करायची. "आबा, तो ग्रुपमध्ये आहे का अजून?"

मला त्यातलं कळत नाही. मी भाऊलालला विचारायचो. भाऊलाल मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन बघायचा आणि सांगायचा, "आहे! बोलत नाही, पण निघतही नाही. आबा, हे असलं तर माझ्या बायकोचं पण चालतं!"

लग्नाच्या आदल्या दिवशी देविदासला मी स्टेंटरवर जाऊन सरळ विचारलं, "उद्या येतोस ना?"

मशीनचा आवाज मोठा होता. त्याने कानाकडे बोट दाखवलं, ऐकू येत नाही म्हणून. तीस वर्षं त्याच आवाजात त्याला सगळं ऐकू येत होतं.

*

लग्नाच्या दिवशी मी हॉलच्या गेटवर बसलो होतो. वऱ्हाड आलं, बँड वाजला, नवरदेव घोड्यावरून उतरला. आत गुरुजी माइकवरून घाई करत होते. लता दर दोन मिनिटांनी बायकांच्या खोलीच्या दारात येऊन माझ्याकडे बघायची. मी मान हलवून नाही म्हणायचो. ती आत जायची.

मग देविदास आला! नवा शर्ट, डोक्यावर पांढरी टोपी, मागे बायको, दोन पोरं. रिक्षातून उतरला आणि कमानीखाली येऊन उभा राहिला. मी उठलो. मला उठायला वेळ लागतो. तेवढ्यात भाऊलाल पोचला.

भाऊलालकडे टॉवेल-टोपीचं काम होतं. येईल त्या पाहुण्याच्या खांद्यावर टॉवेल टाकायचा, डोक्यावर टोपी ठेवायची, पुढचा! सकाळपासून त्याने शंभरेक माणसं अशी उरकली होती. हात यंत्रासारखा चालत होता. त्याने वर न बघताच देविदासच्या खांद्यावर टॉवेल टाकला, टोपीवर टोपी ठेवली आणि म्हणाला, "चला, पुढे सरका!"

मामाचा पूर्ण पोशाख, फेटा, नारळ, सगळं लताने आत पाटावर मांडून ठेवलेलं होतं. पण ते सांगायला कुणी नव्हतं.

देविदासने खांद्यावरचा टॉवेल काढला. उलगडून बघितला. पुन्हा नीट घडी घातली. भाऊलालच्या हातात दिला. आणि मागे फिरून, रस्ता ओलांडून, समोरच्या पंक्चरवाल्याच्या बाकड्यावर जाऊन बसला. आमच्याकडे पाठ करून.

"हे काय झालं?" भाऊलाल पांढरा पडला.

काशिनाथ धावत आला. नवरदेवाचा बाप आला. रमणभाई आले, त्यांच्यामागे त्यांचे कामरेजचे मोटाभाई आले. देविदास कुणाकडे बघेना. एवढंच बोलला, "मामाला टॉवेल देतात का? शंभर माणसांतला एक टॉवेल? मामाला?"

आत गुरुजी माइकवर म्हणाले, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे!"

आता लताला कोण सांगणार? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी गेलो. बायकांच्या खोलीत ती सोनलच्या केसात गजरा खोचत होती. मी हळू बोलतो, पण त्या दिवशी अजूनच हळू बोललो.

"लता, देविदास आला."

तिचा हात थांबला.

"पण बाहेर जाऊन बसला. भाऊलालने साधा टॉवेल दिला. म्हणतो, मामाला टॉवेल देतात का? कुणाचं ऐकत नाही. रस्त्यापलीकडे बसलाय, पाठ करून."

लता माझ्याकडे वळली. "रुसला?"

"हो."

"आबा, खरंच रुसला?"

"खरंच. चांगलाच."

मग ती उठली. गजरा तसाच सोनलच्या हातात दिला आणि घरात बोलतो त्या अहिराणीत अशी ओरडली, की माइकवरचे गुरुजी गप्प झाले.

"माय वं! मना भाऊ रुसना! ऐकं का सगळ्यासनी? मना भाऊ रुसना!"

काशिनाथ दारात येऊन हात जोडत होता. "अगं, मुहूर्त चाललाय. मी जाऊन पाया पडतो त्याच्या."

"खबरदार!" लता म्हणाली. ती हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती. "कोणी जाऊ नका समजाडाले! पोटभर रुसू द्या त्याले!"